‘दोन भाषांनी मूल गोंधळते’ : एका भीतीचा इतिहास (दीर्घ धागा)

मूल दोन वर्षांचे झाले, तरी बोलत नाही. घरात आजी मराठी बोलते, आई-वडील अर्धे मराठी अर्धे इंग्रजी, पाळणाघरात हिंदी. मग कोणीतरी जाणता सल्ला देतो : ‘घरात एकच भाषा ठेवा, मूल गोंधळते आहे.’ आणि ती एक भाषा कोणती ठेवायची, याचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. पुण्यात, बंगळुरूत, न्यू जर्सीत हा सल्ला आजही दिला जातो.

हा सल्ला अनुभवाचे संचित वाटतो, पण तसा तो नाही. सामान्य माणसांच्या इतिहासात दोन-तीन भाषांत वाढणारे मूल ही नवलाची गोष्ट कधीच नव्हती. ‘दोन भाषांनी बुद्धी मंदावते’ या कल्पनेला शास्त्राचा शिक्का मिळाला तो विसाव्या शतकात, आणि त्यातला एक मोठा शिक्का वेल्समध्ये उमटला. त्याची किंमतही बऱ्याच अंशी वेल्सनेच मोजली.

गोष्ट थोडी आधीपासून सांगायला हवी.

१८४६ साली ब्रिटिश संसदेत वेल्समधील शिक्षणाच्या चौकशीची मागणी झाली. त्यासाठी लिंगेन, सायमन्स आणि जॉन्सन हे तीन आयुक्त नेमले गेले. तिघेही इंग्रज, तिघेही वकिलीच्या पेशातले, आणि तिघांनाही वेल्श भाषा येत नव्हती. ज्यांची घरची भाषा केवळ वेल्श होती, अशा मुलांना शाळेत इंग्रजीतून शिकवले जात होते. आयुक्तांच्या तपासणीचा कणाही इंग्रजीच होता. मुले गप्प बसली. हे गप्प बसणे अज्ञान म्हणून नोंदले गेले.

१८४७ साली अहवाल निघाला. शाळांची दुरवस्था त्यात खरीच होती, ती कोणी नाकारली नाही. मात्र अहवालाने त्यापुढे जाऊन वेल्श भाषेलाच लोकांच्या नैतिक आणि व्यापारी प्रगतीतील अडथळा ठरवले. त्या अहवालाची बांधणी निळी होती. वेल्समध्ये तो आजही ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ या नावाने ओळखला जातो.

त्याच वर्षांत मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये जवळजवळ हाच वाद पेटला होता. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीचा आग्रह धरत होते. कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांची बाजू मांडत होते. साम्राज्याच्या घरात आणि साम्राज्याच्या वसाहतीत एकाच वेळी एकच प्रश्न विचारला जात होता, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच लक्षात घेतली जाते. मेकॉलेच्या नावाने सगळा हिशेब मिटवण्याची आपली सवय त्याला कारण असावी.

वेल्समधल्या शाळांत या काळात एक साधन वापरात होते. लाकडाची छोटी पाटी, तिच्यावर बहुधा ‘डब्ल्यू. एन.’ ही अक्षरे, म्हणजे ‘वेल्श नॉट’. जो मुलगा वेल्श बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात ती अडकवायची. त्याने दुसऱ्या कोणाला वेल्श बोलताना पकडले, की पाटी त्याच्या गळ्यात. दिवसअखेर जिच्या किंवा ज्याच्या गळ्यात ती उरेल, त्याला शिक्षा. मुलांनीच मुलांवर पाळत ठेवावी, अशी ही रचना होती.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ‘वेल्श नॉट’ हा सरकारी कायदा कधीच नव्हता. तो सर्व शाळांत नव्हता. जिथे होता तिथे लावणारे शिक्षक बरेचदा स्वतः वेल्शभाषक होते आणि पालकांची त्याला मूक संमती असे, कारण मुलाला इंग्रजी यावे ही त्यांची खरी इच्छा होती. लंडनमधल्या कोणा दुष्टाने लादलेली ही शिक्षा, असे तिचे चित्र रंगवणे सोपे आहे. पण मग ती इतकी वर्षे टिकली कशी, हे कळत नाही. शाळेत मराठी बोलल्याबद्दल दंड भरलेल्यांना आणि तो दंड निमूटपणे देणाऱ्या पालकांना ही रचना ओळखीची वाटेल.

ज्यांच्या गळ्यात ही पाटी अडकली, त्यांपैकी एक होते ओवेन एम. एडवर्ड्स. जन्म १८५८, उत्तर वेल्समधल्या लानुक्लिन या गावी. पुढे ते ऑक्सफर्डला गेले, इतिहासकार झाले, मुलांसाठी वेल्श मासिक चालवले आणि १९०७ साली वेल्सच्या शाळांचे मुख्य निरीक्षक झाले. बालपणीच्या त्या पाटीविषयी त्यांनी आठवणींत लिहून ठेवले आहे. हे नाव लक्षात ठेवावे. या घराण्याच्या आणखी दोन पिढ्या पुढे येणार आहेत.

एकोणिसाव्या शतकापर्यंत आरोप असा होता की वेल्श भाषा माणसाला मागास ठेवते. विसाव्या शतकात आरोपाची भाषा बदलली. बुद्धिमापन चाचण्या आल्या होत्या. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी जी चाचणी शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत करता यावी म्हणून तयार केली, ती अमेरिकेत जाऊन माणसांची प्रतवारी लावण्याचे यंत्र बनली.

१९२३ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी’मध्ये डी. जे. सेअर यांचा शोधनिबंध आला. त्यांनी वेल्समधील ७ ते १४ वयोगटातील सुमारे १४०० मुलांची चाचणी घेतली होती. निष्कर्ष : ग्रामीण भागात दोन भाषा बोलणारी मुले एकभाषक मुलांपेक्षा चाचणीत मागे पडतात. कारण म्हणून मानसिक गोंधळाची कल्पना पुढे आली. पुढच्याच वर्षी फ्रँक स्मिथ आणि जॉन ह्यूज यांच्यासह त्यांनी पुस्तक काढले. त्याच्या नावातच द्विभाषिकता ही ‘समस्या’ होती.

आता याच निबंधातली दुसरी अर्धी बाजू. शहरी भागात द्विभाषक आणि एकभाषक मुलांत असा फरक आढळला नव्हता.

दोन भाषांमुळे मेंदूत गोंधळ होत असेल, तर तो गावात व्हावा आणि शहरात होऊ नये, हे कसे? हा प्रश्न त्या निबंधाच्या आकड्यांतच उभा होता. गावातली द्विभाषक मुले कोणाची, त्यांचे वडील काय करतात, घरात पुस्तक आहे का, शाळेबाहेर इंग्रजी कानावर पडते का, याचा हिशेब तुलनेत धरलेला नव्हता. गरिबी मोजली गेली आणि तिला भाषेचे नाव दिले गेले. तरीही पुढची तीस-पस्तीस वर्षे ग्रामीण भागाचा निष्कर्ष उद्धृत होत राहिला. शहरी भागाचा मात्र तळटिपेत गेला.

अमेरिकेत याचे रूप अधिक कठोर होते. इटली, पोलंड, रशिया येथून आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना इंग्रजीतून चाचण्या दिल्या जात आणि गुण कमी पडत. यावर तज्ज्ञांत वाद होता खरा, पण तो असा : हे वंश मुळातच हीन आहेत, की घरात परकी भाषा बोलल्याने त्यांची मुले मंद होतात? फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ साली पहिल्या बाजूला कौल दिला. त्या काळाच्या मानाने दुसरे मत उदार होते, हे आज वाचताना विचित्र वाटते. चाचणीच चुकीच्या भाषेत आहे, ही तिसरी शक्यता फार थोड्यांना सुचली.

चाचणी कुठे चुकते ते साध्या उदाहरणाने पाहू. समजा, दोन वर्षांच्या मुलाला मराठीतले ३५ आणि इंग्रजीतले २५ शब्द येतात. इंग्रजीची यादी घेऊन बसणारा परीक्षक २५ लिहील. मराठीची यादी घेणारा ३५. शेजारच्या एकभाषक मुलाला ६० शब्द येतात. दोन्ही परीक्षक सांगतील की हे मूल मागे आहे. दोन्ही रकाने एकत्र करणारा तिसरा माणूस खोलीत नसतोच. आज बालभाषेचे अभ्यासक दोन्ही भाषांतील शब्दांची बेरीज करतात, आणि तशी बेरीज केली की बहुतेक फरक नाहीसा होतो. उशिरा बोलणारी मुले एकभाषक घरांतही असतात. खरोखर वाचादोष असलेल्या मुलाचा दोष दोन्ही भाषांत दिसतो. एक भाषा काढून घेतल्याने तो बरा होत नाही, फक्त आजीशी बोलायचा मार्ग बंद होतो.

गंमत अशी की सेअर यांच्या दहा वर्षे आधीच एका घरात वेगळे उत्तर मिळाले होते.

१९०८ साली भाषाशास्त्रज्ञ ज्यूल रोंझा यांना मुलगा झाला, लुई. आई इल्झ जर्मन, वडील फ्रेंच. रोंझा यांचे सहकारी मोरिस ग्रामाँ यांनी त्यांना सुचवले की मुलाला काही शिकवू नये. आईने केवळ जर्मन बोलावे, वडिलांनी केवळ फ्रेंच, आणि भूमिका बदलू नयेत. ‘एक व्यक्ती, एक भाषा’ हे जे सूत्र आज पालकांच्या प्रत्येक गटात सांगितले जाते, त्याचा उगम इथे आहे. रोंझा यांनी लुईच्या बोलण्याच्या नोंदी ठेवल्या आणि १९१३ साली पुस्तक प्रसिद्ध केले. मुलगा दोन्ही भाषा त्या त्या भाषेतील मुलासारख्या बोलू लागला होता. कोणाशी कोणती भाषा बोलायची, हे त्याला लहानपणीच उमगले होते.

रोंझा स्वतः दक्षिण फ्रान्सच्या ऑक्सितान भाषेचे मोठे अभ्यासक होते. वेल्शप्रमाणेच तीही शाळेतून हुसकलेली भाषा. फ्रेंच शाळांतही गावठी बोली बोलणाऱ्या मुलाच्या हाती एखादी वस्तू देऊन तिला वेल्श पाटीसारखेच फिरवत. घरात जर्मन आणि फ्रेंच या दोन प्रतिष्ठित भाषा वाढवणाऱ्या माणसाला तिसऱ्या, अप्रतिष्ठित भाषेचे काय होते हे चांगलेच ठाऊक होते.

दुसरी मोठी नोंदवही अमेरिकेतली. वेर्नर लिओपोल्ड हे जर्मन प्राध्यापक इलिनॉयमध्ये शिकवत. १९३० साली जन्मलेल्या हिल्डेगार्ड या मुलीशी ते जर्मन बोलत, आई इंग्रजी. तिच्या भाषेच्या नोंदींचे चार खंड १९३९ ते १९४९ या काळात निघाले. सुरुवातीला ती दोन्ही भाषांचे शब्द एकाच पोतडीतून काढते, मग हळूहळू दोन भाषा आहेत हे तिच्या ध्यानात येते, असे लिओपोल्ड यांना दिसले. हे खंड दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे, जर्मन बोलणे संशयास्पद ठरण्याच्या काळात, अमेरिकेत बसून लिहिले गेले आहेत.

मात्र हे पुरावे प्राध्यापकांच्या घरचे होते. खाणकामगाराच्या आणि शेतमजुराच्या मुलाविषयी बोलताना लोक सेअर यांचाच आधार घेत. विद्वानाच्या घरी फ्रेंच-जर्मन बोलणारे मूल सुसंस्कृत ठरे; कार्मार्थनच्या शेतावर वेल्श-इंग्रजी बोलणारे मूल गोंधळलेले ठरे. मूल तेच करत होते. भाषांचा बाजारभाव वेगळा होता.

वेल्समध्ये आई-वडिलांनी त्या भावाकडे पाहूनच निर्णय घेतले. कोणी जाहीर घोषणा केली नाही. ज्यांना स्वतःला वेल्श उत्तम येत होती, त्यांनी आपसात वेल्श चालू ठेवली आणि पाळण्यातल्या मुलाशी इंग्रजी बोलायला सुरुवात केली. नोकऱ्या इंग्रजीत होत्या, चित्रपट इंग्रजीत होते, दक्षिणेच्या कोळसा खोऱ्यांत इंग्लंडहून माणसे येत होती. भाषा जाण्याची खरी कारणे ही होती. बुद्धिमापनाच्या निबंधाने एकट्याने भाषा मारली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पण ज्यांना अपराधी वाटत होते, त्यांना त्या निबंधाने शास्त्रीय निमित्त दिले. मुलाच्या भल्यासाठीच हे करतो आहोत, असे आता निश्चिंतपणे म्हणता येत होते.

जनगणनेचे आकडे : १९०१ साली वेल्समधील सुमारे निम्मे लोक वेल्श बोलत. १९५१ साली सुमारे २९ टक्के. १९८१ साली १९ टक्के.

आता पुन्हा एडवर्ड्स घराण्याकडे. ओवेन एम. एडवर्ड्स यांचे चिरंजीव इफान यांनी १९२२ साली वेल्शभाषक मुलांची संघटना काढली. शिबिरे, खेळ, गाणी असे तिचे स्वरूप होते. १९३९च्या सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू झाले आणि लिव्हरपूलहून बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने हलवलेली मुले मोठ्या संख्येने अबरिस्टविथच्या प्राथमिक शाळांत आली. वर्ग एकाएकी इंग्रजी झाले. इफान यांचा मुलगा ओवेन तेव्हा लहान होता. त्याच महिन्यात त्यांनी खासगी शाळा उघडली : सात मुले, नोरा आयझॅक ही एक तरुण शिक्षिका, आणि माध्यम वेल्श. पूर्णपणे वेल्श माध्यमाची ही पहिली प्राथमिक शाळा.

आजोबांच्या गळ्यात ज्या भाषेसाठी पाटी अडकली, त्या भाषेत नातू अक्षरे गिरवू लागला. मध्ये जेमतेम सत्तर-पंच्याहत्तर वर्षे गेली होती.

लोकांनी नाके मुरडली. या मुलांचे इंग्रजी कच्चे राहील, असे भाकीत झाले. ते खरे ठरले नाही. इंग्रजी चारी बाजूंनी होतेच, ते शिकवण्यापेक्षा टाळणे अवघड होते. १९४७ साली लनेल्ली येथे स्थानिक प्रशासनाने चालवलेली पहिली वेल्श प्राथमिक शाळा निघाली, १९५६ साली र्‍हिल येथे पहिली माध्यमिक शाळा.

शास्त्राची दिशाही याच सुमारास पालटली. १९५९ साली वेल्समधीलच डब्ल्यू. आर. जोन्स यांनी वडिलांचा व्यवसाय लक्षात घेऊन आकडे पुन्हा तपासले. सारख्या आर्थिक थरातील मुलांची तुलना केली की द्विभाषक मुलांचे ते प्रसिद्ध ‘मागासलेपण’ उरत नव्हते. १९६२ साली माँट्रियलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी सहा फ्रेंच शाळांतील दहा वर्षांच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली : दोन्ही भाषा चांगल्या येणारी मुले एकभाषक मुलांच्या पुढे होती. या पाहणीवरही रास्त आक्षेप आहेत. ज्यांना दोन्ही भाषा उत्तम येतात अशीच मुले निवडल्यावर ती हुशार निघणारच. पण चाळीस वर्षांची भीती त्यानंतर पूर्वीसारखी उभी राहू शकली नाही.

भारतातून आलेला पुरावा तर अधिक नेटका आहे, आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारच कमी होते. मानसशास्त्रज्ञ अजित मोहंती यांनी ओडिशाच्या फुलबनी भागातील कंध आदिवासी मुलांचा अभ्यास केला. तिथे काही गावांतील कंध आपली कुई भाषा टिकवून ओडिया बोलत होते, तर काही गावांतील कंध कुई सोडून केवळ ओडियावर आले होते. जमात तीच, जीवनमान तेच. फरक फक्त भाषांच्या संख्येचा. सेअर यांना जी तुलना साधली नव्हती, ती इथे गावांनीच मांडून ठेवली होती. कुई आणि ओडिया दोन्ही बोलणारी मुले मागे नव्हती. भाषेविषयी विचार करण्याच्या कसोट्यांवर ती सरस ठरली.

तंजावरच्या मराठी घरांचे उदाहरण इथे आठवते. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग गेलेल्या कुटुंबांच्या वंशजांनी घरात मराठी आणि दारी तमिळ, असा संसार तीनशेहून अधिक वर्षे चालवला. त्यासाठी कोणतेही सूत्र, कोणताही सल्लागार नव्हता. ती मराठी आपल्या कानाला वेगळी लागते, तमिळच्या सहवासात तिचे वळण बदलले आहे. पण कोणी त्या मुलांना गोंधळलेली म्हणून तपासायला नेले नाही. आज त्या घरांतील तरुण पिढीत मराठी मागे पडते आहे, तीही तमिळमुळे नव्हे तर शहरे, नोकऱ्या आणि इंग्रजी यांमुळे.

वेल्समध्ये १९७१ साली पालकांच्या पुढाकाराने चालणाऱ्या वेल्श बालवाड्यांची संघटना उभी राहिली. चर्चच्या सभागृहात, गावच्या हॉलमध्ये, आठवड्यातून काही सकाळी भरणारे हे वर्ग. ज्या आई-वडिलांना त्यांच्या आई-वडिलांनी वेल्श दिली नव्हती, ते आपल्या तीन वर्षांच्या मुलांना तिथे सोडू लागले आणि दाराशी उभे राहून स्वतः चार शब्द उचलू लागले. १९८२ साली वेल्श दूरचित्रवाहिनी सुरू झाली. तिचे पहिले प्रमुख होते ओवेन एडवर्ड्स, म्हणजे त्या सात मुलांपैकी एक.

२००१ साली जनगणनेत टक्केवारी प्रथमच वर गेली, सुमारे २१पर्यंत. त्यानंतर पुन्हा घसरण : २०२१ साली १७.८ टक्के. शाळांनी भाषा शिकवली खरी, परंतु शाळेची भाषा घरची होईलच असे नाही. जनगणनेतून एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. आई-वडील दोघेही वेल्शभाषक असतील, तर तीन-चार वर्षांच्या दहापैकी आठ मुलांना वेल्श येते. दोघांपैकी एकालाच येत असेल, तर निम्म्याहूनही कमी मुलांना.

म्हणून २०००नंतरच्या दशकात वेल्समध्ये एक नवा उपक्रम निघाला. तो शाळेतून नव्हे, प्रसूतिगृहातून चालवला गेला. गरोदर बाईला तपासणाऱ्या सुईणी आणि बाळ पाहायला घरी येणाऱ्या परिचारिका यांनाच हाताशी धरले गेले. बाळाच्या वजनाबरोबर आणि लसीच्या तारखांबरोबर त्या आई-वडिलांना सांगू लागल्या की बाळाशी वेल्श बोला, इंग्रजी बोला, दोन्ही बोला. बाळ गोंधळत नाही.